हिरव्या पडद्याचे पूर्ववृत्त

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस दिसते आहे. त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. वाशीमसारख्या गावी इतिहासावर बोलायला उभे राहायचे आणि वाकाटकांचे ताम्रपट सोडून, घरी चित्रफीत काढताना पाठीमागे कोणत्या रंगाचे कापड टांगावे याची चर्चा करायची, हा प्रकार प्रथमदर्शनी थोडा पोरकट वाटणे साहजिक आहे. परंतु साध्या वस्तूलाही पूर्ववृत्त असते. आणि ते ठाऊक नसले म्हणजे साधी वस्तूही माणसाला कशी अडचणीत टाकते, याचा अनुभव आम्ही याच गावात घेतला आहे. तोच प्रथम सांगतो.

आमच्या परिचयाच्या एका घरी सत्तरी उलटलेल्या आजी आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येतात. पुण्यास शिकणारी त्यांची नात उन्हाळ्याच्या सुटीत घरी आली, तेव्हा या ओव्या दृश्यासह टिपून ठेवाव्यात आणि परदेशी असलेल्या आत्याला पाठवाव्यात असे तिने ठरविले. पाठीमागे हिरवे कापड लावले की मागाहून त्या जागी हवे ते चित्र घालता येते, हे तिला ठाऊक होते. बाजारातून पाच मीटर हिरवेगार सॅटिन आणले, दोन खिळ्यांना बांधले, आणि आजींना पाटावर बसविले. आजी अशा प्रसंगी बसायचे म्हणून ठेवणीतले लुगडे नेसल्या होत्या आणि दोन्ही हातांत मनगटभर हिरवा चुडा नव्याने भरला होता. ओव्या सुरेख झाल्या. सायंकाळी नातीने संगणकावर कापडाच्या जागी नदीकाठचे देऊळ घातले, आणि सारे घर पाहायला जमले. पाहतात तो काय, आजींचे हात मनगटापाशी तुटलेले! पंजे एकीकडे, हात दुसरीकडे, आणि मधल्या रिकाम्या जागेतून देवळाच्या पायऱ्या दिसताहेत.

पोरे हसू लागली. आजी मात्र हसल्या नाहीत. शेजारी बसलेल्या आजोबांकडे त्यांनी एकदा पाहिले आणि नातीला एवढेच विचारले, "माह्या बांगड्या कुठी गेल्या वं?"

अहेव बाईच्या हातातला चुडा डोळ्यांदेखत नाहीसा व्हावा, याचा अर्थ आपल्या घरांत काय होतो हे या सभेस सांगण्याची आवश्यकता नाही. नात शहाणी; तिने ताबडतोब ती फीत पुसून टाकली. पण चूक कोणाची? यंत्राची म्हणावी तर यंत्राने सांगितलेलेच केले होते. "जेथे जेथे हिरवे दिसेल तेथे तेथे आरपार कर" अशी त्याला आज्ञा होती. कापड कोणते आणि सौभाग्य कोणते, हे त्याला कोण सांगणार? ते ठरविण्याचे काम कापड निवडणाराचे होते. आणि ते कसे करावे, हे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगतो. तो इतिहास आम्ही आज मांडणार आहोत.

पार्श्वभूमीचा प्रश्न मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा धागा आपल्या गावापर्यंत येऊन पोहोचतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली उजेडात आलेल्या वाशीम ताम्रपटाने ही शाखा इतिहासात पक्की झाली. याच शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले; त्याचा लेख तेथे भिंतीवर आहे. त्या काळची अजिंठ्याची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना स्मरेल की अनेक ठिकाणी माणसे उजळ आहेत आणि मागची पानझाडी गर्द, काळोखी आहे. म्हणूनच दिव्याच्या अंधुक प्रकाशातही मुद्रा उठून दिसतात. तेथला हिरवा रंग आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात सापडणाऱ्या हिरवट खनिजाचा, म्हणजे हाताशी असलेला. निळा मात्र दूर वायव्येकडून आलेल्या राजावर्त मण्याचा, म्हणजे महागाचा. हिरवा हाताशी आणि निळा खर्चाचा, हा भेद श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा; पुढे तो निराळ्या रूपाने पुन्हा भेटणार आहे.

मध्यंतरीची शतके ओलांडून आपण एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण पार्श्वभूमी ही टांगण्याची वस्तू झाली ती तेव्हा. मुंबईस १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि पुढील काही दशकांत छायाचित्रणाची दुकाने गावोगाव पसरली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजा-आजीचे एखादे जुने छायाचित्र असेल. आजा खुर्चीवर, आजी बाजूला उभी, आणि मागे संगमरवरी खांब, जिना, फुलझाडे. त्या आजोबांच्या घरी खांब नव्हते आणि जिनाही नव्हता. तो रंगविलेला पडदा होता. त्याच काळात मराठी रंगभूमीही पडद्यांनी सजू लागली. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा देखाव्यांचा असा थाट नव्हता. १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यास झाले आणि त्यानंतरच्या संगीत नाटक मंडळ्यांच्या सामानात रस्त्याचा, जंगलाचा, महालाचा असे पडदे आवश्यक होऊन बसले. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू असे पडदे रंगविण्यात विख्यात होते. परंतु या साऱ्या पडद्यांत एक गोष्ट समान होती. जे दाखवायचे ते पडद्यावर काढलेले असे. पडदा नाहीसा करण्याची कल्पना अद्याप जन्मास आली नव्हती.

ती कल्पना चित्रपटाने आणली, आणि तिचा पहिला रंग हिरवा नव्हे, काळा होता. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस हा मूळचा जादूगार. १८९८ साली त्याने एक लहानसा चित्रपट काढला. त्यात तो आपलेच डोके उतरवून मेजावर ठेवतो, पुन्हा नवे डोके उगवते, तेही काढून ठेवतो. युक्ती अशी की, फितीवर काळ्या भागाचा परिणाम होत नाही. काळ्या पडद्यापुढे काम केले की फितीचा तेवढा भाग कोरा राहतो. फीत मागे गुंडाळून तीच पुन्हा फिरविली की त्या कोऱ्या जागी दुसरे चित्र उमटविता येते.

ही विद्या आपल्याकडे ज्या पुरुषाने रुजविली त्याचे नाव दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा माणूस चित्रकला शिकला, छायाचित्रण शिकला, छापखान्याचे काम शिकला आणि जादूचे प्रयोगही करू लागला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. देव प्रकट होणे, अंतर्धान पावणे हे जे चमत्कार त्या काळच्या प्रेक्षकांनी हात जोडून पाहिले, त्यांच्यामागे एकाच फितीवर दोनदा चित्र उमटविण्याची कला होती. आणि त्या कलेत उजेडापेक्षा अंधाराचे स्थान अधिक होते. पुढे मुंबईच्या चित्रसृष्टीत बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या दोऱ्याने वस्तू आपोआप हलताना दाखविल्या आणि 'काला धागा' हे नावच त्यांना चिकटले. काळ्यासमोर काळे दिसत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र. हॉलिवूडमध्ये १९३३ साली अदृश्य माणसाचा चित्रपट निघाला, तेव्हा नटाचे डोके काळ्या मखमलीत गुंडाळून त्याला काळ्या मखमलीपुढेच उभे केले होते. वर कपडे होते, तेवढे दिसले. माणूस नाहीसा झाला.

श्रोतेहो, आमच्या परिचयाच्या आजींच्या मनगटाचे जे झाले तेच या नटाचे झाले. फरक एवढाच की तेथे ते हेतुपुरस्सर केले होते.

काळ्याची अडचण उघड आहे. माणसाचे केस काळे, डोळ्यांची बुबुळे काळी, सावली काळी. आपल्याकडे तर काळी चंद्रकळाही आली. रंगीत चित्रपट येताच कारागिरांनी निराळा विचार केला. माणसाच्या अंगी सर्वांत कमी कोणता रंग आहे? त्वचा गोरी असो, सावळी असो, तीत तांबड्या-पिवळ्याचा अंश अधिक आणि निळ्याचा सर्वांत कमी. म्हणून मागे निळा पडदा लावला. १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटात बाटलीतून निघालेला राक्षस आणि उडता गालिचा हे लॉरेन्स बटलर याने निळ्या पडद्याच्या साहाय्याने साधले आणि त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्या काळच्या रंगीत कॅमेऱ्यात तांबडा, हिरवा व निळा यांच्या तीन स्वतंत्र फिती फिरत. त्यामुळे निळ्याची फीत वेगळी काढून तिच्यावरून माणसाच्या आकाराचा साचा करता येई. तरीही कडांना निळी रेघ राही, केस, धूर, पातळ वस्त्र यांची दैना होई. पेत्रो व्लाहोस याने ती रीत सुधारून १९५९ च्या 'बेन-हर'मध्ये वापरली. त्याच व्लाहोसची आणखी एक रीत १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये दिसते. तेथे पांढऱ्या पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश टाकला आणि कॅमेऱ्यात लोलक बसवून तेवढाच पिवळा वेगळा काढला. हा पिवळा प्रकाशपटात इतका अरुंद असतो की नटाच्या अंगावर दुसरा पिवळा असला तरी बिघडत नाही. रीत उत्कृष्ट, पण असा लोलक घडविणे अवघड, म्हणून ती फार चालली नाही.

मग हिरवा केव्हा आला? फितीची जागा विजेच्या यंत्राने घेतली तेव्हा. दूरचित्रवाणीच्या जुन्या मापनपद्धतीत चित्राची उजळता तीन रंगांतून मोजतात. शंभर भाग उजळतेत सुमारे ५९ भाग हिरव्याचे, ३० तांबड्याचे आणि अवघे ११ निळ्याचे धरतात, कारण आपला डोळाच हिरव्याला सर्वाधिक जागा देतो. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर याला १९७६ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीही याच तत्त्वावर आहे. कॅमेऱ्यातील दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्याचे, एक तांबड्याचा, एक निळ्याचा. आपल्या खिशातील बहुतेक दूरध्वनींचे कॅमेरे आजही त्याच वंशातले आहेत. सारांश, यंत्र हिरवे सर्वांत स्वच्छ पाहते. त्याला प्रकाश कमी लागतो, खर्च कमी लागतो. निळ्यासाठी दिवे वाढवावे लागतात. अजिंठ्याच्या चितारीला जो हिशेब करावा लागला तो असा निराळ्या वेषात परत आला. हिरवा हाताशी, निळा खर्चाचा.

या इतिहासातून निघणारी गोष्ट आम्हांस एकच दिसते. काळा, निळा, पिवळा, हिरवा यांपैकी कोणताही रंग मुळात श्रेष्ठ म्हणून निवडलेला नाही. प्रत्येक वेळी प्रथम समोरचा माणूस पाहिला, त्याच्या अंगी काय नाही ते शोधले, आणि मग पडदा टांगला. परदेशांत हिरवा रूढ झाला, कारण तेथे यंत्राला तो सोयीचा आणि तेथील कपड्यांत तो तुलनेने विरळ. पण आपल्याकडे? आपल्याकडे हिरवा चुडा आहे, लग्नातला हिरवा शालू आहे, डोहाळजेवणाची हिरवी साडी आणि ओटीचा हिरवा खण आहे. पूजेपुढे आंब्याचे डहाळे, विड्याची पाने, तुळस आहे. यंत्राला सोयीचा रंग आणि आपल्या मंगलकार्याचा रंग नेमका एकच निघाला! तेव्हा हिरवे कापड बाजारात मिळते म्हणून डोळे मिटून आणणे, म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय.

आता जिल्ह्यातील श्रोत्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

शिक्षक फळ्याऐवजी नकाशा मागे घालून पाठ देणार असेल आणि अंगात पांढरा सदरा असेल, तर हिरवे कापड उत्तम. मात्र ते सुती व निस्तेज असावे. सॅटिन चमकते, आणि चमकेल तेथे यंत्राला हिरवा न दिसता पांढरा दिसतो. पोपटी घेऊ नये. त्यात पिवळा फार, आणि तो त्वचेच्या रंगाकडे झुकतो. शेवाळी व बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवाही नको. तो सावलीत काळा होतो. या दोहोंमधला, शुद्ध व उजळ हिरवा घ्यावा. रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी जाळी कोणी लावू पाहील तर लावू नये. तिच्या छिद्रांतून भिंत दिसते. कापडाला इस्त्री करावी, खालून वजन बांधावे, कारण प्रत्येक सुरकुतीची सावली म्हणजे यंत्राच्या दृष्टीने निराळा रंग.

बाई हिरव्या बांगड्यांत असेल तर कापड निळे घ्यावे आणि दिवे वाढवावेत. नेसू मोरपंखी असेल तर हिरवे-निळे दोन्ही धोक्याचे. तेथे साध्या भिंतीसारखी दुसरी सोय नाही. पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवरून एखादी बंजारा आजी फेटिया-काचळी लेवून गाणे सांगणार असेल, तर निराळीच गंमत होते. तिच्या वस्त्रावरचे आरसे समोरचा सारा रंग पकडतात. कापड बाजूंनी वळवून आणले तर प्रत्येक आरशात ते दिसते आणि वस्त्राला भोके पडतात. तेथे कापड फक्त मागे, शक्य तितके दूर, आणि लागेल तेवढेच ठेवावे.

दूर ठेवणे हे सर्वांनाच लागू आहे. माणूस कापडाला टेकून बसला की कापडाचा रंग त्याच्या गालावर, खांद्यावर, पांढऱ्या केसांवर चढतो. मध्ये चार ते सहा फूट अंतर असावे. कापडाला दोन बाजूंनी दोन सारखे दिवे द्यावेत आणि माणसाला तिसरा वेगळा. खिडकीच्या उन्हावर विसंबू नये. एका ओवीत ते डावीकडे असते, दहाव्या ओवीत ते सरकलेले असते. आणि मुख्य म्हणजे, आरंभी दोन मिनिटांची चाचणी घेऊन ती त्याच वेळी संगणकावर पाहावी. आमच्या परिचयाच्या घरी एवढे केले असते तर आजींना तो क्षण पाहावा लागला नसता.

कोणी म्हणेल, आता कापडाची गरजच काय? २०२० साली टाळेबंदीत शाळा घरात आल्या, तेव्हा पडद्यावाचून पार्श्वभूमी बदलणारी साधने सर्वांच्या परिचयाची झाली. हे यंत्र रंग पाहत नाही. असंख्य चित्रांवरून माणसाचा आकार कसा असतो ते शिकून अंदाज बांधते. त्यात हिरवा चुडा सहसा नाहीसा होत नाही. परंतु अंदाज तो अंदाजच. डोक्यावरून घेतलेला पदर, जात्याचा खुंटा धरलेला हात, कपाळावर आलेली बट यांपैकी माणसाचे काय आणि मागचे काय, याबाबत ते अडखळते. घाईच्या बोलण्यासाठी ते पुरे आहे. जतन करून ठेवायच्या फितीसाठी आम्ही अद्याप कापड आणि दिवे यांवरच भिस्त ठेवू.

त्या आजींच्या ओव्यांचे पुढे काय झाले, हे सांगून आम्ही रजा घेतो. दोन दिवस आजी कॅमेऱ्यापुढे बसायला तयार नव्हत्या. नातीने आग्रह केला नाही. तिने निळे सुती कापड आणले, स्वतःच्या हातांत हिरव्या बांगड्या भरून चाचणी घेतली, आणि ती आजींना दाखविली. बांगड्या जागच्या जागी होत्या. तेव्हा आजी उठल्या. मात्र बसण्यापूर्वी त्यांनी विचारले, मागे काय घालणार? नात म्हणाली, आजी, तुम्ही म्हणाल ते. आजी म्हणाल्या, देऊळ नको, नदी नको, आपल्या घरातली जात्याजवळची भिंत घाल. नात हसली आणि म्हणाली, मग कापड कशाला? ते काढूनच टाकते. ती भिंत त्या कापडाच्या मागेच होती.

ती फीत आत्यापर्यंत पोहोचली आहे. भिंतीचा पोपडा एके ठिकाणी निघालेला आहे, कोनाड्यात चिमणी आहे, आणि दोन्ही मनगटांत चुडा भरलेला आहे. निळे कापड घडी करून ठेवले आहे. धाकट्या भावाला भूगोलाचा पाठ तयार करायचा आहे, त्यासाठी ते उपयोगी पडेल.